मॅच कशावर आहे?



पूर्वी क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, की पहिला प्रश्न असायचा, 'स्कोअर काय झाला?' पानाच्या टपरीवर रेडिओ चालू असायचा, केशकर्तनालयात टीव्ही असायचा आणि उत्तर कुणाकडेही मिळायचं. आता तोच माणूस विचारतो, 'मॅच कशावर आहे?' प्रश्न साधा वाटतो. पण गेल्या दहाएक वर्षांत आपल्या घरातल्या टीव्हीचं काय झालं, ते सगळं या तीन शब्दांत आलेलं आहे. आज त्याबद्दलच थोडं बोलणार आहे.

उदाहरणासाठी एकच वर्ष घेऊ, २०२२. त्या वर्षी जानेवारीत आपला संघ दक्षिण आफ्रिकेत होता. मोबाईलवर किंवा इंटरनेटच्या टीव्हीवर ते सामने पाहायचे, तर हॉटस्टार हवं. जूनमध्ये आयर्लंड आणि जुलैमध्ये इंग्लंड झालं, त्यासाठी सोनी लिव्ह. जुलैअखेर संघ वेस्ट इंडिजला गेला, ते सामने फॅनकोडवर. ऑगस्टमध्ये झिंबाब्वे, पुन्हा सोनी लिव्ह. मग आशिया कप आणि टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, परत हॉटस्टार. नोव्हेंबरात न्यूझीलंडचा दौरा आला, तो ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर. हा दौरा चालू असतानाच कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला, तो जिओ सिनेमावर. आणि डिसेंबरात बांगलादेश, पुन्हा एकदा सोनी लिव्ह.

संघ एकच, खेळाडू बरेचसे तेच, पाहणारा माणूसही तोच. दार मात्र दर दोन महिन्यांनी बदलत होतं, आणि बहुतेक दारांशी वेगळं तिकीट होतं. त्या वर्षीचे दर पाहा. हॉटस्टारची मधली वर्गणी वर्षाला ८९९ रुपये, सोनी लिव्हची ९९९, प्राइमची १,४९९. बेरीज झाली ३,३९७ रुपये. फॅनकोडचे पैसे वेगळे, इंटरनेटचं बिल वेगळं. घरात केबल किंवा डिशही असेल, तर तिचा महिन्याचा रिचार्ज आणखी वेगळा. त्यात कुणाला नेटफ्लिक्सवरच्या मालिका टीव्हीवर नीट पाहायच्या असतील, तर महिन्याला ४९९, म्हणजे वर्षाला जवळजवळ सहा हजार. ज्या घरात महिन्याला पंधरा-वीस हजार येतात, त्या घरानं हा हिशेब कसा जुळवायचा?

ही विभागणी झाली कशी, ते समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत नेटफ्लिक्सनं २००७ साली इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मोठमोठ्या स्टुडिओंनी आपला जुना माल त्यांना आनंदानं भाड्यानं दिला. पडून राहिलेल्या मालाचे चार पैसे येत होते. पण भाडेकरूचं दुकान जोरात चालायला लागलं, तेव्हा मालकांना वाटलं, आपणच का दुकान काढू नये? मग एकेकानं आपला माल परत न्यायला सुरुवात केली. 'फ्रेंड्स' ही तिकडची अतिशय लोकप्रिय मालिका २०१९ संपताना तिथल्या नेटफ्लिक्सवरून गेली, 'द ऑफिस' २०२० संपताना गेली. दोन्ही आपापल्या मालकांच्या नव्या दुकानांत दिसू लागल्या. म्हणजे जे एका वर्गणीत मिळत होतं, त्यासाठी तीन वर्गण्या झाल्या. माल मात्र वाढला नव्हता.

आपल्याकडेही तसंच झालं. हॉटस्टार २०१५ साली आलं, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात, झी फाईव्ह २०१८ मध्ये. एचबीओच्या मालिका आधी हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ रोजी त्या तिथून गेल्या आणि काही आठवड्यांनी जिओ सिनेमावर उगवल्या. ज्यानं त्या मालिकांसाठी हॉटस्टारची वर्षाची वर्गणी भरली होती, त्याच्या वर्गणीत माल कमी झाला. पैसे कमी झाले नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गाण्यांच्या बाबतीत असं झालेलं नाही. गाणी ऐकवणारी पाच-सहा ॲप आपल्याकडे आहेत आणि बहुतेक गाणी जवळजवळ सगळ्यांवर असतात. लताबाईंची गाणी एका ॲपवर आणि आशाबाईंची दुसऱ्यावर, अशी वाटणी कुणी केलेली नाही. त्यामुळे त्या दुकानदारांना आवाजाच्या दर्जावर, सोयीवर आणि दरावर एकमेकांशी झुंजावं लागतं. चित्रांच्या दुनियेत मात्र झुंज वेगळी आहे. 'हे फक्त माझ्याकडेच मिळेल', यावर सगळा धंदा उभा आहे. तेव्हा अडचण दुकानं पुष्कळ झाली ही नाही. प्रत्येक वस्तू एकाच दुकानात कोंडून ठेवलेली आहे, ही अडचण आहे.

केबलच्या बाबतीत आपल्याकडे हा प्रश्न एकदा येऊन गेलेला आहे. चॅनेलवाले एका केबलवाल्याला चॅनेल देत, दुसऱ्याला नाकारत. डिशवाल्यांनाही काही चॅनेल मिळत नसत. तेव्हा 'ट्राय' या नियामक संस्थेनं २००४ साली नियम केला, की चॅनेल मागेल त्या वितरकाला, भेदभाव न करता द्यावंच लागेल. त्यामुळे तुमच्या गल्लीतला केबलवाला कोणताही असो, छपरावरची छत्री कोणत्याही कंपनीची असो, मराठी बातम्यांचं चॅनेल आणि क्रिकेटचं चॅनेल दोन्ही तुम्हाला एकाच डब्यातून मिळू लागले. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी जाहीर करण्याचा नियमही अमलात आला. त्या नियमावर लोकांनी पुष्कळ तक्रारी केल्या, बिलं वाढली म्हणून आरडाओरडही झाली. पण निदान सगळा बाजार एका डब्यात होता. इंटरनेटवरून येणाऱ्या या नव्या सेवांना 'मागेल त्याला द्या' हा नियम लागू नाही.

मग काही जण म्हणतात, सगळी दुकानं एक झाली तर बरं होईल. तेही आपण पाहिलं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. टीव्हीचे हक्क एकाकडे गेले, इंटरनेटचे दुसऱ्याकडे. दोघांची स्पर्धा होती, तेव्हा २०२३ आणि २०२४ साली जिओ सिनेमानं आयपीएल फुकट दाखवलं. पुढे दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओ हॉटस्टार या नावाचं एकच ॲप सुरू झालं. त्या वर्षीचं आयपीएल इंटरनेटवर पाहायला वर्गणी किंवा ठरावीक रकमेचा मोबाईल रिचार्ज लागला. एवढे कोटी मोजणारा ते कधीतरी वसूल करणारच, हे उघड आहे. पण अनेक दुकानं असतील तर खिसा फाटतो, आणि एकच दुकान असेल तर तो सांगेल तो भाव. प्रेक्षकाला दोन्हीकडून मार आहे.

आता थोडं शब्दांकडे वळतो, कारण माझं काम शब्दांचं आहे. या पैशाला आपण मराठीत 'वर्गणी' म्हणतो. फार जुना आणि गोड शब्द आहे. गणपतीची वर्गणी, उरुसाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी. गल्लीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन दाराशी यायची, कुणी एकावन्न द्यायचं, कुणी अकरा, कुणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं. पण आरास उभी राहिली की ती सगळ्यांची असायची. ज्यानं वर्गणी दिली नाही, त्याचं पोरही पुढच्या रांगेत बसून रात्रीचा सिनेमा पाहायचं. दहा जणांनी मिळून शंभर जणांसाठी काहीतरी करायचं, हा त्या शब्दाचा अर्थ होता. आता वर्गणी म्हणजे दाराला कडी. देईल तो आत, न देईल तो बाहेर. शब्द तोच राहिला आणि त्यातला माणूस गेला.

आणि जो आत जातो, तोही एकटाच जातो. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये आपले दर कमी केले, तेव्हा सगळ्यांत स्वस्त वर्गणी १४९ रुपयांची होती. पण ती फक्त मोबाईल किंवा टॅबलेटवर चालायची, आणि एका वेळी एकाच पडद्यावर. टीव्हीवर लावायचं तर जास्त पैसे. एकट्यानं कोपऱ्यात बसून पाहिलं तर स्वस्त आणि घरानं एकत्र बसून पाहिलं तर महाग, असा हा दर. मग घरात काय होतं? मुलगा कानात बोंडं घालून गच्चीवर, मुलगी तिच्या खोलीत, सून स्वयंपाकघरात मोबाईल डब्यांच्या फळीला टेकवून, आणि म्हातारी माणसं बंद टीव्हीसमोर. घरातल्या या एकटेपणाला इतरही कारणं आहेत, पण दरपत्रकानं त्याला हातभार लावलेला आहे.

जुलै २०२३ मध्ये त्याच कंपनीनं भारतात आणखी एक नियम आणला. एक खातं एका घरातच वापरायचं. घर म्हणजे एका छताखाली राहणारी माणसं. आता आपल्याकडे मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी मुंबईत शिकायला आणि आई-वडील गावी, हे एकच घर असतं. रेशनकार्ड एक, सण एक, सुखदुःख एक. पण कंपनीच्या हिशेबात ती तीन घरं झाली. कुटुंब म्हणजे कोण, हे आजवर आपल्याला नातेवाईक सांगत होते, आता वायफाय सांगतं.

माझ्या एक खाला आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. डिशच्या रिमोटवरचे नंबर त्यांना पाठ होते, चष्मा न लावता त्या आपली मालिका लावत. मुलानं हौसेनं नवा टीव्ही आणला. आता बटण दाबलं की पडद्यावर आठ-दहा चौकोन येतात, त्यांतला एक निवडला की तो विचारतो, 'कोण पाहतंय?' मध्येच कधीतरी खातं बंद पडतं आणि पुन्हा आकडे मागतं. ते आकडे येतात मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा असतो कामावर. सिनेमाचं नाव शोधायचं तर मराठी नाव इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं, हा आणखी एक पेपर. परवा त्या मला म्हणाल्या, "बेटा, पहले घर में एक टीव्ही था, सब देखते थे. अब सब कुछ है, मेरे को कुछ दिखताच नहीं." त्यांच्या वर्गण्या भरलेल्या आहेत. त्यांना चार सेवांचे हक्क आहेत आणि दिवसभर त्या खिडकीतून रस्ता पाहतात. हा खर्च कुठल्याही बिलात लिहिलेला नसतो.

१९८८ साली बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं, ते आठवा. रविवारची सकाळ. आमच्या मोहल्ल्यात मोजके टीव्ही, आणि प्रत्येक टीव्हीसमोर चटया टाकून बसलेली तीस-चाळीस माणसं. शेजारच्या गल्लीतल्या काकू आमच्याकडे बसलेल्या, आमच्यातली पोरं त्यांच्याकडे. 'मैं समय हूँ' म्हणून काळ बोलायला लागला, की सगळी घरं चिडीचूप. त्या मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले होते. उर्दू-हिंदीतला एक मुसलमान कवी आणि कादंबरीकार महाभारताचे संवाद लिहितो आणि सारा देश ते तोंडपाठ करतो, याचं तेव्हा आम्हा लिहू पाहणाऱ्या पोरांना फार अप्रूप होतं. सोमवारी कॉलेजात, बाजारात, एसटीत बोलायला एकच विषय असायचा. चर्चा व्हायची, भांडणंही व्हायची, पण सगळ्यांनी पाहिलेलं एकच असायचं.

मी त्या काळाचे गोडवे गात नाही. एकच वाहिनी होती, ती सरकारची होती आणि सरकारला नको ते तिच्यावर दिसत नव्हतं. आजच्या सेवांमुळे चांगलंही पुष्कळ झालं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा, शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या एका तरुणाची गोष्ट, एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरून एकाच वेळी जगभर दिसला. अमेरिकेतल्या मराठी माणसानं तो त्याच दिवशी पाहिला. हे चित्रपटगृहांच्या भरवशावर झालं नसतं. पण त्याच वेळी हेही खरं, की ज्याच्याकडे ती वर्गणी नव्हती, त्या महाराष्ट्रातल्या माणसाला तो आपल्याच भाषेतला सिनेमा दिसला नाही.

आणखी एक फरक मला, पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला, फार टोचतो. मी कॉलेजात असताना विकत घेतलेलं कवितेचं पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे. प्रकाशक बंद पडला, दुकान गेलं, पण पुस्तक राहिलं. ते मी कुणाला वाचायला देऊ शकतो, मुलांसाठी ठेवून जाऊ शकतो. सिनेमाच्या तबकड्या मिळत होत्या, तोवर सिनेमाचंही तसंच होतं. आता आपण काहीच विकत घेत नाही, पाहण्याची परवानगी भाड्यानं घेतो. करार संपला की सिनेमा नाहीसा होतो, आणि कुठे गेला हे सांगायला कुणी बांधील नसतो. मोठ्या हिंदी-इंग्रजी सिनेमांना दुसरं दुकान मिळतं. पण कमी खपाच्या मराठी सिनेमाचा करार संपला आणि कुणी नवा केला नाही, तर तो कुठेच उरत नाही.

मग करायचं काय? घरापुरतं काही करता येतं. सगळ्या वर्गण्या वर्षभर चालू ठेवण्याऐवजी एका महिन्यात एकच घ्यावी, त्यावरचं हवं ते पाहून घ्यावं, बंद करावी, मग दुसरी घ्यावी. आपोआप पैसे कापून घेण्याच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑक्टोबर २०२१ पासूनचा. कार्डावरून असा हप्ता कापण्याआधी किमान चोवीस तास तुम्हाला सूचना आली पाहिजे, आणि ती परवानगी तुम्ही रद्द करू शकता. तो मेसेज न वाचता पुढे सरकवू नका. घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पानं, अशी रचना जिथे असेल, तिला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'वर्गणीचा सापळा' ठरवलं आहे. त्याविरुद्ध तक्रार करता येते. आणि ज्यांना हे काहीच नको, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे. २०२२ चे वेस्ट इंडिज आणि न्यूझीलंडचे सामने, ज्यांसाठी इंटरनेटवर वेगवेगळी दारं होती, ते याच छत्रीवर डीडी स्पोर्ट्सनं दाखवले होते.

पण सगळं प्रेक्षकाच्या हुशारीवर सोडणं बरोबर नाही. २००७ साली संसदेनं कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खासगी हक्कदारांनी दूरदर्शनलाही द्यायचं. त्यामागची भावना अशी, की देशाच्या नावानं खेळणारा संघ देशातल्या गरिबाला दिसला पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हे प्रक्षेपण दूरदर्शननं आपल्या मनोऱ्यांवरून आणि आपल्या फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबलवाल्यांमार्फत नाही. कायद्याच्या अक्षरांनुसार ते बरोबर असेल. पण हा कायदा झाला तेव्हा मोबाईलवर मॅच पाहण्याची कुणी कल्पनाही केली नव्हती. आता बहुतेकांच्या हातात मोबाईल आहे, तर या हक्काची वाट त्यावरूनही जायला हवी. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं आपलं ॲप सुरू केलं. म्हणजे जागा तयार आहे, कायद्यात दुरुस्ती व्हायला हवी.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. पहिले काही महिने किंवा एखादं वर्ष नवा सिनेमा एकाच दुकानात ठेवा, त्यावर तुमचा खर्च काढा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर केबलच्या चॅनेलसारखाच तो मागेल त्याला रास्त दरात देण्याचा नियम असावा. आणि एखादा सिनेमा काढून घेणार असाल, तर वर्गणीदाराला आधी कळवा. तिसरी मागणी आपल्या राज्यापुरती. ज्या मराठी सिनेमाला शासनाचं अनुदान मिळतं, त्यात आपण सगळ्यांनीच वर्गणी घातलेली असते, कराच्या रूपानं. तो सिनेमा काही वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात, शाळेत किंवा सार्वजनिक वाहिनीवर लोकांना पाहायला मिळाला पाहिजे. तेवढा त्यांचा हक्क आहे.

तुम्ही आत्ता हे बोलणं ज्या रेडिओवर ऐकताय, त्यालाही एके काळी परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरावे लागायचे. १९८०च्या दशकात ती पद्धत संपली. पण परवाना होता, तेव्हाही तो एकच होता. एकदा पैसे भरले, की मुंबई, पुणे, सांगली, विविध भारती, सिलोन, जे लागेल ते तुमचं. गाणं मुंबईचं ऐकायचं तर वेगळा परवाना आणि बातम्या पुण्याच्या ऐकायच्या तर वेगळा, असं कुणी सुचवलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आज आपण तेच मुकाट्यानं भरतो आहोत, आणि भरूनही शेजाऱ्याला विचारतो आहोत, 'मॅच कशावर आहे?' हा प्रश्न आता शेजाऱ्यापुरता न ठेवता निवडून दिलेल्या माणसांना विचारायची वेळ आली आहे.